विहिरीच्या गावचा थांबा

मिलिंद,

तुझ्या त्या टीव्हीवरच्या खेळाच्या नवव्या भागाचं संगीत चांगलं आहे. सगळ्यात आधी हे सांगून टाकते, कारण आता तुला उलट बोलता येणार नाही. केवढा मोठा वाद्यवृंद, मागं गाणाऱ्या बायका, आणि बासरी अशी की अंगावर काटा यावा. तू ते ऐकून म्हणालास, "ये क्या है ताई, बारात है क्या?" तुझं संगीताचं शिक्षण शून्य. पेटीला कधी हात लावला नाहीस. सा कुठला आणि रे कुठला विचारलं की कान खाजवायचास. पण मत असं ठोकून द्यायचास, जसं काही तो खेळ बनवणाऱ्या जपानी मंडळींनी तुला विचारूनच चाली बांधल्या होत्या.

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. समोर बाबासाहेब, तथागत आणि त्यांच्या पायाशी तुझा फोटो, ज्यात तू हसतोयस की जांभई देतोयस हे कळत नाही. भंतेजींनी पंचशील दिलं, मग एकेक जण उठून बोलायला लागला. मिलिंद किती शांत, मिलिंद किती नम्र, मिलिंद कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी पेटीमागं बसून दातओठ खात होते. नम्र! तुझ्याइतका हेकट माणूस भिलाईच्या अख्ख्या खुर्सीपारात नव्हता. मी तुझी मावसबहीण, तीन वर्षांनी मोठी. मला ताई म्हणायचास आणि ऐकायचास मात्र स्वतःचंच. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तू जिवंत असताना दीड वर्षं माझ्याशी बोलला नाहीस, तेव्हा माझं बोलायचं राहून गेलंय, आणि ते मी बोलणार.

काल कोणीही तुझ्या त्या खेळाचं नाव काढलं नाही. मावशी त्याला 'तलवारीवाला' म्हणायची. एक पोरगा तलवार घेऊन गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलतो, राक्षस मारतो, हळूहळू मोठा होतो, आणि हे सगळं टीव्हीवर, तुझ्या हातातल्या रिमोटच्या इशाऱ्यावर. एक भाग संपला की दोन-चार वर्षांनी पुढचा. असे नऊ. लग्न झालं, पोरगी झाली, प्लँटमध्ये ठेकेदाराकडं लागलास, सगळं बदललं, तलवारीवाला तेवढा सुटला नाही. भिलाईत तो खेळणारे आणखीही असतील. पण खेळ बाजूला ठेवून त्याचं संगीत ऐकत बसणारा तू एकटाच असशील.

आणि ती सवय तुला माझ्यामुळे लागली, हेसुद्धा तू कधी कबूल केलं नाहीस.

मी चौदा वर्षांची, तू अकरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खुर्सीपारला तुमच्याकडं यायचे. मावसाजींनी खेळाचं ते जुनं मशीन प्लँटच्या सेक्टरमधल्या बदली झालेल्या कोण्या साहेबाकडून आणलं होतं. दुपारी ते नाईट करून आत झोपलेले असायचे, म्हणून आवाज अगदी बारीक. इतका बारीक की आपण दोघं टीव्हीला कान लावून बसायचो. रिमोट तू मला कधीच दिला नाहीस. "तुले चालवता येत नाई, तू मरतेस," असं म्हणायचास. मी मागं बसून लसूण सोलायचे आणि ऐकायचे. डोळ्यांना काही काम नव्हतं, म्हणून कान लागले.

तिसऱ्या भागात एक गाव होतं. मधोमध विहीर, तिच्यावर रहाट, एक म्हातारी आणि दोन कोंबड्या. त्या गावाचं इंग्रजी नाव आपल्याला वाचता येत नव्हतं, आपण त्याला विहिरीचं गाव म्हणायचो. तिथं आलं की एक धून वाजायची. चार-पाच सुरांची, साधी, कोणीतरी दारात बसून स्वतःशीच गुणगुणावं तशी. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. मी म्हणाले, "थांब न, पुढे जाऊ नको." तू चिडलास, राक्षस वाट पाहत होता. पण पोराला विहिरीपाशी उभा केलास आणि रिमोट खाली ठेवलास. धून संपली, परत सुरू झाली. आपण किती वेळ बसलो कोण जाणे, मावशीनं येऊन लसूण मागितला तेव्हा उठलो. त्यानंतर रोज, मी काही न म्हणता, तू त्याला विहिरीपाशी आणून उभा करायचास. "ऐकून घे," म्हणायचास, जशी काही मेहरबानीच.

मेहरबानीच होती ती. आज दोन शाळांत पेटी शिकवते, पोटाला लागलेय, ती त्या विहिरीपाशी लागलेल्या कानांवर. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आणखी चढून बसला असतास.

त्या धुनेत एक जागा होती. दुसरी ओळ वर चढायची आणि तिथंच थांबायची. एकदम गप्प. काहीही नाही. आणि मग, आता संपलं वाटेपर्यंत, तिसरी ओळ खालून हळूच यायची. आपण त्याला 'थांबा' म्हणायचो. थांबा आला की तू बोट वर करायचास आणि ओळ परत आली की खाली. मोठेपणी तुझं सगळं तत्त्वज्ञान त्या थांब्यावर उभं होतं. नवा भाग आला की ऐकायचास आणि मान हलवायचास. "ताई, पहिले कसं, चाळीस सेकंदाची धून राहे. ते शंभरदा ऐकाची राहे, म्हणून त्यायनं तशी बनवली, घासली तरी न झिजणारी. आता एकदाच ऐकाचं संगीत बनवते. सीन आला, रडवलं, संपलं. मांगं लागून रडवते. अन् एकही थांबा नाई. यायले गप बसाची भीती वाटते."

मी म्हणायचे, तू अकरा वर्षांचा होतास, म्हणून तुला ते चांगलं वाटतं. मावशीच्या हातची आंबील चांगली वाटते तसं. नवं संगीत खऱ्या वाद्यांचं आहे, जुनं पिपाणीसारखं वाजतं. यावर तुझं उत्तर ठरलेलं, "पिपाणी असो का पिंप, थांबा कुठी हाय?" लग्नात, बारशाला, एकदा तर दवाखान्याच्या रांगेतसुद्धा आपण हेच भांडलो आहोत. लोकांना वाटायचं, घरचा काहीतरी वाद आहे.

तू म्हणायचास त्यात तथ्य होतं, हेही आज लिहून टाकते. फक्त आज. नवव्या भागातली एकही धून मला पेटीवर पुरती वाजवता येत नाही. ऐकताना भारी वाटते, उठलं की विसरते.

आता त्या गाण्याबद्दल. आमच्या कॅम्प-1 वस्तीच्या गायन पार्टीत दरवर्षी जयंतीला एक तरी नवं भीमगीत लागतंच. चाल कुठून घेतली हे कोणी कोणाला विचारत नाही. शब्द आपले असले आणि लोक डोलले की झालं. त्या वर्षी मला चाल सुचेना, आणि मी विहिरीचं गाव घेतलं. शब्द आजीचे, म्हणजे आजीबद्दलचे:

आजीनं डोईवर गिट्टी वाहिली,
नातीच्या हाती वही आली.

'आली'वर सूर चढतो आणि थांबतो. थांबा तसाच ठेवला होता, तुझ्यासाठी. जयंतीला मंडप भरलेला, मी 'वही आली' म्हणून हात उचलला, ढोलकी थांबली, आणि साऊंडवाला वायर निघाली समजून धावत सुटला. निवेदकानं माईक घेतला आणि "धन्यवाद, धन्यवाद" म्हणून पुढच्या गायकाचं नाव पुकारलं. अर्धं गाणं गिळून मी खाली उतरले. तू मागं उभा राहून पोट धरून हसत होतास. पुढच्या वर्षी मी तिथं कीबोर्डचा एक लांब सूर आणि भीमरावकाकांच्या ढोलकीची लग्गी भरली. गाणं जोरात गेलं. तेव्हापासून दरवर्षी फर्माईश येते. आणि दरवर्षी मी खाली उतरले की तू मला एकच वाक्य ऐकवायचास, "तुनं गावातली विहीर बुजवली."

चार वर्षं ऐकलं. पाचव्या वर्षी तुझं तोंड कायमचं बंद करायचं ठरवलं. ती मूळ धून मोबाइलवर शोधली. आता सगळंच मिळतं. ऐकली, आणि मला हसू आवरेना.

थांबा नव्हताच. दुसरी ओळ चढली आणि एका सुरावरून वळून सरळ खाली आली, कुठंही न थांबता. दोनदा ऐकलं, चारदा ऐकलं. तेव्हा लक्षात आलं. दुर्गच्या बाजारातून आणलेली तुझी ती नकली सीडी, जिच्यावर दुकानदारानं निळ्या पेनानं फक्त '3' लिहिलं होतं. तिच्यावर ओरखडा होता. त्या ओरखड्यापाशी आवाज जायचा आणि पुढं परत यायचा. जपानी माणसानं तिथं काही शांतता वगैरे ठेवली नव्हती. ती दुर्गच्या दुकानदाराची कृपा होती.

हे मी तुला घरी सांगू शकले असते. विहाराच्या खोलीत तालीम चालू होती, सगळी पार्टी बसलेली, तू दारात हेल्मेट घेऊन उभा. मी मोबाइल स्पीकरला जोडला आणि वाजवलं. "ऐक," म्हणाले, "कुठी हाय तुया थांबा? तुया सीडीवर ओरखडा होता, मिलिंद. तुयी सारी अक्कल एका ओरखड्यावर उभी हाय." सगळे हसले. भीमरावकाका तर ढोलकीवर आडवे झाले.

तू हसला नाहीस. म्हणालास, "परत लाव." लावलं. "अजून एकदा." लावलं. तिसऱ्यांदा तुझं बोट थोडंसं वर आलं होतं, त्या जागी, आणि धून न थांबता पुढं निघून गेली. बोट तसंच राहिलं. "बरं," म्हणालास, हेल्मेट घातलंस आणि गेलास.

ते बोलायला नको होतं, असं म्हणायचा रिवाज आहे. मी तसं म्हणणार नाही. मला बोलायचंच होतं, आणि सगळ्यांसमोरच बोलायचं होतं. पण तू दुसऱ्या दिवशी येऊन भांडशील असं धरून बोलले होते. तू आला नाहीस. त्या वर्षी जयंतीला नाही, पुढच्या वर्षीही नाही. लग्नाकार्यात समोर आलास की "जयभीम ताई," आणि मी "जयभीम," की झालं. मावशी म्हणायची, "तूच फोन कर न वं त्याले, तू मोठी हायेस." मी म्हणायचे, त्यानं करावा. मोठेपणाचा उपयोग मला तेवढाच माहीत होता.

मावशीला मात्र मी दर दोन दिवसांनी फोन करायचे. आणि त्या दीड वर्षात मावशी पहिल्या फोनला बहुतेकदा उचलायची नाही. पूर्ण वाजून बंद व्हायचा. दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा उचलायची. मी समजले, तीही तुझ्या बाजूची झाली. तिच्यावरही मनातून रागावले.

मग तू गेलास. छातीत दुखायला लागलं तर कोणी सोड्याची बाटली पिऊन ड्यूटीवर जातं का रे? तुझ्या बायकोनं सांगितलं, मावशीनं सांगितलं, तू म्हणालास गॅस आहे. सगळ्या जगाला चूक ठरवणारा माणूस, स्वतःच्या छातीबद्दल चुकला. अडतीस वर्षांचा. मला याचा इतका संताप येतो की रडू मध्येच अडकतं.

तिसऱ्या दिवशी तुमच्याकडं घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मावशीचा फोन सापडत नव्हता, नागपूरच्या लोकांचा फोन यायचा होता. मी म्हणाले, मी घंटी देते, आवाजावरून शोधा. दिली.

आतल्या खोलीत गाद्यांच्या ढिगाखालून विहिरीचं गाव वाजायला लागलं.

पहिली ओळ. दुसरी ओळ, चढली. आणि गप्प.

"कटला वाटते," शेजारच्या काकू म्हणाल्या आणि मागं फिरल्या. मावशीनं हात वर केला. "नाई कटला. थांबा. येते परत." आणि तिसरी ओळ खालून आली, तशीच, हळूच.

मी दारात उभी. मावशी गादी उचलत म्हणाली, "हे तुयाच फोनले वाजते वं. बाकीच्यायले साधी टिंग टिंग. त्यानंच लावून देल्ली. तुमचं भांडन झालं न, त्याच्या आठ दिवसांनं."

"मंग तू उचले नाई कावून?"

"तो उचलू दे तं! घरी असला का हात धरे मायावाला. म्हणे माय, उचलू नको, वाजू दे, थांबा येऊ दे. बोट वर करून बसे लहान पोट्ट्यासारखा. अन् गप झालं का मलेच सांगे, भिऊ नको, येते परत."

तो आवाज जुन्या सीडीचा नव्हता. ती सीडी केव्हाच फुटली. ही मी तुला ऐकवलेली मूळ धून होती, स्वच्छ, आणि तू ती बरोबर त्या जागी कापून मध्ये शांतता घातली होतीस. मी नंतर मोजून पाहिलं, पेटी शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय येतं. तुझा थांबा माझ्या कानात बसलेल्या ओरखड्यापेक्षा एक मात्रा लांब आहे. म्हणजे आठवणीतून नाही केलास. विचार करून केलास. जपान्याचं ऐकलंस, दुकानदाराचं ऐकलंस, आणि मग स्वतःचं ठरवलंस.

तुझ्याकडं उत्तर होतं, मिलिंद. इतकं चोख उत्तर, की मी तिथल्या तिथं हरले असते. आणि ते तू माझ्या तोंडावर मारायला आला नाहीस. आईच्या फोनमध्ये ठेवलंस आणि मी फोन करायची वाट पाहत बसलास. खुर्सीपारहून कॅम्प-1 किती लांब आहे? मोटरसायकलनं दहा मिनिटं. मी तिकडून फोन लावून मावशीवर चरफडतेय आणि तू इकडं बोट वर करून बसलायस. असला भांडखोर मी पाहिला नाही. तुला एक थोबाडीत द्यावीशी वाटते आणि द्यायला गाल नाही.

काल मावशी म्हणाली, भाषणं पुरे, आता आपली सुजाता ते आजीचं गाणं म्हणेल, मिलिंदले आवडे. मी बसण्याआधी भीमरावकाकांना बाजूला घेतलं. म्हणाले, 'वही आली'नंतर ढोलकी नाही वाजवायची. काहीच नाही.

"कावून वं? भरलेली जागा हाय ते. रिकामी ठेवली का लाइट गेल्यासारखी वाटते."

"तिथं ओरखडा हाय, काका."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी सगळ्यात जास्त तेच हसले होते. मग ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसले.

गायले. आवाज ठीक लागला, तुला काढायच्या तेवढ्या चुका होत्या. 'नातीच्या हाती वही आली', सूर चढला, मी पेटीवरून हात उचलले. भीमरावकाकांनी दोन्ही तळवे ढोलकीवर दाबून धरले. मंडपात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. साऊंडवाला उठला. मागच्या खुर्च्या सरकायला लागल्या, कोणीतरी चप्पल शोधू लागलं, एकानं टाळी वाजवायला हात जवळ आणले.

पहिल्या रांगेतून मावशीचा हात वर गेला. मोठ्यानं म्हणाली, "बसा न वो. येते परत."

सगळे बसले. तुझी जास्तीची मात्राही संपली. मी वाजवलं नाही. आणखी एक जाऊ दिली, त्यानंतर आणखी एक. तुझ्या फोटोकडं पाहत होते. इतक्या वेळात एखादा हेकट माणूस मागून ओरडला असता, ताई, लांबवलंस. कोणी ओरडलं नाही.

मग मी सूर दाबला. गाणं परत आलं. फक्त गाणंच आलं.